आधी नोंदवही, मग काचेचं कपाट: जुन्या वाड्यात गावाचं संग्रहालय उभारताना

आमचं इतिहास मंडळ सुरू झालं त्या वर्षी पेठेतल्या एका आजींनी लोखंडी पट्ट्या मारलेली लाकडी पायली आणून दिली. आम्ही ती ओसरीवर ठेवली, आजींसोबत फोटो काढला, त्यांना चहा दिला. त्या तासभर बोलत बसल्या होत्या. कुणाच्या दुकानातली पायली, तिच्यावर छाप का मारलेला, दुष्काळात ती कुणाकडे गेली, असं बरंच काही. आम्ही ऐकलं आणि लिहून काही घेतलं नाही. आजी आता नाहीत. पायली काचेच्या कपाटात आहे आणि खालच्या चिठ्ठीवर ‘धान्य मोजण्याचे माप’ एवढंच लिहिलं आहे. एवढं तर पाहणाऱ्याला तसंही कळतं.

तालुक्याच्या गावात चार-पाच हौशी माणसं आहेत, कुणाचा तरी रिकामा वाडा पडून आहे, घराघरातून वस्तू आणि कागद मिळायला लागलेत, अशा ठिकाणी काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. कामाचा क्रम माझ्या मते असा असावा: माणसं, इमारतीचं छप्पर, नोंदवही, कागदपत्रं आणि सगळ्यात शेवटी मांडणी. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि नोंदवही ‘नंतर करू’ म्हणून राहते.

मंडळाची नोंदणी

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली मंडळ नोंदवायला किमान सात माणसं लागतात. या कायद्यात सार्वजनिक संग्रहालयांचा उल्लेख थेट आहे, त्यामुळे उद्देशात ‘संग्रहालय चालवणे’ असं स्पष्ट लिहा. महाराष्ट्रात त्यासोबतच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. तिथून पुढे दर वर्षी हिशेबतपासणी करायची, आणि विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिले की पुढे अनुदान मागताना किंवा जागेचा करार करताना सगळं अडतं. एका सभासदावर फक्त हेच काम सोपवा. देणगीदाराला आयकरात सवलत मिळायची असेल तर आयकर खात्याची मान्यता वेगळी घ्यावी लागते.

मंडळाची घटना, म्हणजे नियमावली, लिहिताना छापील नमुना जसाच्या तसा उतरवू नका. दोन कलमं स्वतः विचार करून लिहा. पहिलं, मंडळ बंद पडलं तर वस्तू कुठे जातील. संस्था विसर्जित झाली तर उरलेली मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यायची नाही, असं कायदाच सांगतो. म्हणून ती कोणत्या प्रकारच्या संस्थेकडे जाईल ते आधीच लिहून ठेवा. दुसरं, वस्तू संग्रहातून कमी करायची वेळ आली तर कोण ठरवणार. एकट्या अध्यक्षांच्या सहीने एकही वस्तू वाड्याबाहेर जाता कामा नये.

सात माणसं निवडताना सातही इतिहासप्रेमी नसली तरी चालतं. एक निवृत्त तलाठी किंवा भूमापन खात्यातला माणूस हवाच, कारण सातबारा, मिळकत पत्रिका आणि इनामाच्या नोंदी वाचता येणारा माणूस गावाचा अर्धा इतिहास उलगडून देतो. एक सुतार किंवा गवंडी, एक शिक्षिका आणि संगणकावर सरावाने टंकलेखन करणारं कुणी तरी हवं. आमच्याकडे सगळ्यात उपयोगी पडले ते पोस्टातून निवृत्त झालेले एक काका. गावातलं प्रत्येक घर आणि प्रत्येक घराचं जुनं आडनाव त्यांना तोंडपाठ होतं.

वाडा: छप्पर आधी, रंग शेवटी

संग्रहातली पहिली आणि सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे तो वाडाच. त्यामुळे त्याचीही नोंद करा: दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर, देवघर, बळद (धान्य साठवायची बंदिस्त जागा), माडी, सगळ्यांचे फोटो आणि मापं. काम सुरू व्हायच्या आधी घेतलेले हे फोटो पुढे सोन्याच्या मोलाचे ठरतात.

जागा वापरायला कुणी तोंडी परवानगी दिली तर आभार माना, पण कागद करा. आज होकार देणारे मालक आणि त्यांची पुण्याला-मुंबईला असलेली भावंडं यांचं पुढे एकमत राहीलच असं नाही. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या असलेला, दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला, लांब मुदतीचा भाडेपट्टा हवा. दुरुस्तीचा खर्च कोण करणार आणि वाडा विकला गेला तर मंडळाला किती महिने मिळणार, हे त्यात लिहिलेलं असावं. वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे का, नगरपालिकेच्या वारसा यादीत आहे का, तेही आधी पाहा. जवळपास केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. स्वच्छतागृह बांधायला काढलं आणि तिथेच अडलं, असं होऊ शकतं.

आता दुरुस्ती. पहिला पावसाळा वाड्यात काहीही न ठेवता काढा. जोराचा पाऊस असेल तेव्हा विजेरी घेऊन माडीवर जा आणि कुठे गळतं ते खडूने खुणा करत पाहा. कौलारू वाडा असेल तर फुटकी कौलं, कुजलेल्या रिपा आणि तुंबलेली पन्हळ, बहुतेक गळती या तिघांतूनच येते. सोलापूर-मराठवाड्याकडच्या माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा प्रकार वेगळा. तिथे वरच्या पांढऱ्या मातीचा थर दर वर्षी पावसाआधी नीट करावा लागतो आणि पाण्याचा उतार राखावा लागतो. वर्षभर आभाळाखाली असलेल्या मातीकडे दोन वर्षं कुणी पाहिलं नाही की ती तुळयांवर सूड उगवते.

तुळया आणि खांब तपासायला फार मोठी उपकरणं लागत नाहीत. खांबाच्या बुडाशी आणि तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे पेचकस टोचून पाहा. सागवान बाहेरून ठणठणीत दिसतं आणि आतून वाळवीने पोकळ केलेलं असतं. टिचकी मारली की आवाज बदलतो, सुताराच्या कानाला तो लगेच कळतो. माडीवर कागदांची कपाटं ठेवायची असतील तर मात्र बांधकाम अभियंत्याकडून वजनाचा अंदाज घ्या. कागद फार जड असतो. कपाटं खोलीच्या मध्यभागी कधी ठेवू नका, खालून भिंत आलेली असेल त्या बाजूला ठेवा.

एक गोष्ट मी पोटतिडकीने सांगतो. चुन्याच्या आणि मातीच्या भिंतीला सिमेंट लावू देऊ नका. आमच्या मागच्या भिंतीचा गिलावा पडला होता. ठेकेदाराने आठवड्यात सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करून दिला आणि वर तैलरंग फासला. दिसायला छान झालं. दोन पावसाळ्यांत त्या भिंतीला कंबरेइतक्या उंचीपर्यंत लोणा लागला, रंगाचे पापुद्रे सुटले आणि आतली माती बोटाने उकरता येईल इतकी भुसभुशीत झाली. कारण साधं आहे. जुनी भिंत जमिनीतून ओल शोषते आणि चुन्यातून ती बाहेर टाकते. सिमेंट तिचं तोंड बंद करतं, मग पाणी क्षार घेऊन वर चढतं किंवा आत अडकून वीट आणि लाकूड कुजवतं. शेवटी तो गिलावा हलक्या हाताने काढला, भिंत एक उन्हाळा तशीच उघडी सुकू दिली आणि मग चुना केला. चांगला मुरवलेला चुना, चाळलेली वाळू, विटांची सुरखी, आणि हिरडा-गुळाचं पाणी घालायची रीत माहीत असलेला गवंडी, एवढं जमवायला वेळ लागतो. तो वेळ द्या. चुन्याचं काम भर पावसात करू नका आणि कडक उन्हातही उघडं सोडू नका. ओल्या गोणपाटाने झाकून सावकाश सुकू द्यावं लागतं.

विजेचं काम नवंच करा. जुन्या लाकडी पट्ट्यांवरच्या तारा, उंदरांनी कुरतडलेलं आवरण आणि शेजारी शंभर वर्षांचं सागवान, हे आगीला दिलेलं आवतण आहे. तारा नळीतून घ्या, फ्यूजऐवजी आपोआप बंद होणारे स्विच बसवा आणि रात्री मुख्य स्विच बंद करून जायची सवय लावा. कागदांच्या खोलीजवळ पाण्याची बादली पुरेशी नाही. कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक ठेवा आणि ते कसं वापरायचं हे सगळ्यांनी एकदा तरी हाताने करून पाहिलेलं असू द्या.

काय घ्यायचं आणि काय नाही

वाडा उघडला की लोक वस्तू घेऊन येतात. त्यात पितळी समई येते, मोडका ग्रामोफोन येतो, आणि घरात नकोशी झालेली शिसवी कपाटंही येतात. सगळं घेतलंत तर तीन वर्षांत वाड्याची अडगळ होईल. घटनेखालोखाल महत्त्वाचा कागद म्हणजे संग्रह धोरण. ते एक पानी असलं तरी चालतं: कोणत्या परिसरातलं, कोणत्या काळातलं, कोणत्या विषयांवरचं घेणार. मग नाही म्हणणं सोपं जातं. “काका, हे सुंदर आहे, पण आपल्या भागातलं नाही, आम्ही फोटो काढून घेतो,” असं म्हटलं तर कुणी रागावत नाही.

दैनंदिन वस्तूंना कमी लेखू नका. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, कुलपं, भांडी, दौती, खेळणी अशा घरगुती वस्तू गावोगाव फिरून जमवल्या. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहालयाला दिलं आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांच्या घरातला तो संग्रह पाहताना तलवारीपुढे जितका वेळ माणूस थांबतो, तितकाच अडकित्त्यांपुढे थांबतो.

आणखी एक विचार मनात ठेवा. कागद ठेवणारी घरं गावात मोजकी होती. नुसत्या दप्तरांवर संग्रहालय उभं राहिलं तर ते देशमुख-देशपांडे-इनामदारांचं होईल. कुंभाराची थापी, चांभाराची रापी, कोष्ट्याचा धोटा, गोंधळ्याचं संबळ आणि जात्यावरच्या ओव्या यांना वाड्यात जागा हवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत जो इतिहास आहे तो कुठल्याही सनदेत नाही. तुमच्या परिसरात दळण दळलेल्या बायका अजून असतील तर वस्तू जमवण्याआधी त्यांच्याकडे जा. मोबाइलवर आवाज घ्या, नाव, गाव, माहेर आणि तारीख आधी बोलून घ्या, वापरायची परवानगी विचारा.

कायद्याच्या चार गोष्टी इथेच सांगतो, कारण चांगल्या मनाने केलेली चूकही चूकच ठरते. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं, नाणी, कोरीव काम हे सगळं पुरावस्तूत येतं. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. यातल्या ठरावीक प्रकारांची, म्हणजे शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं वगैरेंची, नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोसह नोंद करावी लागते. शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचा हंडा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ती गोष्ट जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. मंडळाने ती परस्पर घेऊ नये. हस्तिदंत, वाघाचं कातडं, सांबरशिंगं समोर आली तर वन खात्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. तलवारी आणि ठासणीच्या बंदुकांबाबत पोलिस ठाण्यात लेखी पत्र देऊन लेखी उत्तर घ्या.

वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारक दगड), सतीशिळा, गद्धेगाळ (शाप कोरलेला दानाचा दगड) शेताच्या बांधावर किंवा देवळामागे पडलेले दिसले की उचलून आणण्याचा मोह होतो. आणू नका. तो दगड कुठल्या शिवेवर, कुठल्या वाटेवर उभा होता हाच त्याचा अर्धा अर्थ असतो. जागेची नोंद करा, चारी बाजूंनी फोटो घ्या, तिरक्या उजेडात अक्षरं वाचायचा प्रयत्न करा, पुरातत्त्व विभागाला कळवा आणि गावकऱ्यांना त्याची ओळख करून द्या. शेंदूर खरवडू नका, दगडाला रंग देऊ नका.

दाखल नोंदवही

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. एक जाड, शिवलेली, पानांना छापील क्रमांक असलेली नोंदवही आणा. सुटी पानं नकोत, कारण सुटं पान हरवतं आणि बदलताही येतं. न पुसली जाणारी काळी शाई वापरा. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती आणि सही. संगणकावरची यादी हवीच, पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी केलेली ‘जतन’ ही प्रणालीही आहे. पण संगणक बिघडला, ज्याला परवलीचा शब्द माहीत होता तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, तरी वाड्यात नोंदवही असते.

क्रमांकाची पद्धत पहिल्या दिवशी ठरवा आणि नंतर बदलू नका. तीन भागांचा क्रमांक सोयीचा पडतो: वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी, त्या देणगीतली कितवी वस्तू. नमुन्यादाखल एक नोंद देतो:

“२०२३.१४.२. तांब्याचा हंडा. उंची ३८ सें.मी., तोंडाचा व्यास २४ सें.मी. गळ्याजवळ ठोक्यांनी घातलेलं नाव आणि तारीख, पहिली दोन अक्षरं झिजलेली. बुडाला डाग दिल्याची खूण, कल्हई उडालेली. दात्याच्या आजीच्या लग्नात माहेरहून आलेला. नळ येईपर्यंत चौकातल्या आडावर याच हंड्याने पाणी भरत. दात्याचे शब्द: ‘बूड दोनदा बदललं, पण नाव तसंच ठेवायला सांगायची.’ दानपत्र आहे. ठिकाण: माजघर, कपाट ३, खण २.”

त्या हंड्याकडे जरा बघा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत असल्यामुळे कितीतरी भांडी स्वतःच कागदपत्र असतात. कुणाचं लग्न, कुठलं गाव, कोणती तारीख, माहेरची मंडळी कोण. बाईचं नाव ज्या काळात सातबाऱ्यावर सापडत नाही, त्या काळात ते घागरीच्या गळ्यावर सापडतं. म्हणून तांब्या-पितळेची भांडी चिंच, लिंबू किंवा बाजारातल्या पावडरीने लखलखीत घासू नका. प्रत्येक घासण्यात ठोक्यांची कड थोडी झिजते आणि एक दिवस नाव जातं. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, तेवढं पुरे.

वस्तूवर क्रमांक घालताना धातू, लाकूड, दगड यांवर न दिसणाऱ्या बाजूला पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक लेपाचा नखाएवढा थर द्या, वाळला की बारीक पेनाने क्रमांक लिहा, वर आणखी एक थर. हा लेप पुढे ॲसिटोनने काढता येतो. नेलपॉलिश वापरू नका, ते पिवळं पडतं आणि पापुद्र्यासारखं निघतं. कापडावर काही चिकटवायचं नाही. सुती पट्टीवर क्रमांक लिहून ती दोन सैल टाक्यांनी शिवायची. कागदावर मऊ शिसपेन्सिलने, मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात.

दाता वस्तू घेऊन आला की नोंद त्याच बैठकीत व्हायला हवी. बोलायला एक जण, लिहायला दुसरा. आणि प्रत्येक वस्तूसाठी दानपत्र किंवा ठेवपत्र. दोन्हींतला फरक दात्याला समजावून सांगा. दानपत्राने वस्तू मंडळाची होते. ठेवपत्राने ती दात्याचीच राहते आणि मुदत संपली की परत द्यायची असते. ‘ठेवून घ्या, मग बघू’ यातून पुढे नातवंडांशी भांडणं होतात. ठेव घेतलीच तर मुदत लिहिल्याशिवाय घेऊ नका.

रुमाल, पोथ्या आणि मोडी कागद

खारव्याच्या लाल फडक्यात बांधलेला रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचा गठ्ठा, समोर आला की छाती धडधडते. लगेच गाठ सोडू नका. आधी बांधलेल्या अवस्थेत फोटो घ्या, कुणाच्या घरच्या कुठल्या कोनाड्यात किंवा फडताळात होता ते लिहा. मग कोरड्या, स्वच्छ धुतलेल्या हातांनी मोठ्या मेजावर उघडा. हातमोज्यांनी पातळ कागद उलट फाटतो. कागद ज्या क्रमाने आहेत तो क्रम मोडायचा नाही. एका घडीत ठेवलेले चार कागद एकाच तंट्याचे असू शकतात, ते वेगळे केले की तंटा कधीच जुळत नाही. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही, हे शहाण्या माणसांनाही सांगावं लागतं.

कागद तिरपा धरला की अक्षरांवर कधी कधी बारीक चकाकी दिसते. शाई वाळवायला टाकलेली ती वाळू आहे. ती झटकू नका. लांब कागद दोन-तीन तुकडे जोडून केलेला असतो आणि जोडाच्या मागे शिक्का असतो, कुणी मधला तुकडा बदलू नये म्हणून. फोटो घेताना मागची बाजूही घ्या. शेवटी ‘मोर्तब सुद’ असा छोटा शिक्का असेल तर मजकूर तिथेच संपल्याची ती खूण. ती दिसत नसेल तर खालचा भाग फाटून गेला असण्याची शक्यता नोंदवा.

चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन करायचं नाही, स्टेपलर मारायचा नाही. लॅमिनेशनमध्ये अडकलेला कागद सोडवणं जवळपास अशक्य असतं. काजळीची जुनी शाई पाणी लागलं की पसरते, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसणंही नको. मऊ ब्रशने मधून कडेकडे धूळ काढा, गंजलेल्या टाचण्या असतील तर काढा आणि आम्लरहित कागदाच्या लिफाफ्यात ठेवून पुन्हा रुमालात बांधा. ती जुनी पद्धत वाईट नव्हती. फडकं धूळ आणि उजेड अडवतं आणि हवा खेळू देतं. रुमालाशेजारी सुती पुरचुंडीत वेखंड ठेवत, तेही चालू ठेवा. डांबरगोळ्या मात्र बंद करा, बंद खोलीत काम करणाऱ्यांच्या तब्येतीला त्या वाईट.

तारखा वाचायला शिकलात की कागद बोलू लागतो. इसवी सन काढायला, शक असेल तर ७८ मिळवा. फसली, म्हणजे महसुली सन असेल तर ५९० किंवा ५९१. सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. ‘सलास सितैन मया व अलफ’ म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७६२-६३ येतं. पानिपतानंतरचं दुसरं वर्ष! तारखेआधीचा ‘छ’ म्हणजे चंद्र, पुढचा आकडा मुसलमानी महिन्याची तिथी. पहिल्यांदा ही बेरीज जुळली तेव्हा आमच्याकडची नववीतली एक मुलगी पूर्ण दुपार उठली नाही.

मोडी शिकलेली दोन माणसं मंडळात असायलाच हवीत. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतात. वर्ग संपल्यावर रोज एक कागद वाचायचा नेम ठेवला तरच हात बसतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेल्या साधनांचे २२ खंड छापले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचं निधन झालं तेव्हा अनेक कागद छापायचे राहिलेलेच होते. म्हणून वाचून होईपर्यंत थांबू नका. आधी प्रत्येक कागदाचा फोटो घ्या, फाइलला दाखल क्रमांकाचंच नाव द्या, आणि प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवा.

दोन इमारती का, ते कोकणातल्या आणि कृष्णाकाठच्या माणसांना सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी किती घरांतली कागदपत्रं नेली त्याची मोजदाद नाही. कागद तळमजल्यावर ठेवू नका, कपाटाचं बूड जमिनीपासून वीतभर वर आणि पाठ भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. आर्द्रतामापक एक साधंसं यंत्र आहे, ते रोज एकदा वाचून लिहा. आकडा ६५ टक्क्यांच्या वर सलग राहिला की बुरशी धरते. अशा वेळी पंखा लावून हवा खेळती ठेवा, बाहेर पाऊस असेल तर खिडक्या बंद. कागद भिजलेच तर पहिले दोन दिवस महत्त्वाचे. उन्हात घालू नका, पानं ओढून सोडवू नका. टीपकागद घालून सावलीत पंख्याखाली सुकवा, ढीग मोठा असेल तर प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून गोठवणाऱ्या शीतपेटीत ठेवा आणि पुराभिलेख खात्याला फोन करा. हा क्रम एका कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवून ठेवा.

मांडणी

मांडणीबद्दल थोडंच सांगतो, कारण इथवरचं काम झालं असेल तर ती आपोआप सुचते. कागद आणि कापड यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू नये, थेट ऊन तर अजिबात नको. पैठणी किंवा अंगरखा तीन-चार महिन्यांनी बदलून दुसरा मांडा. मूळ कागदाऐवजी त्याची चांगली प्रत काचेत लावली तरी पाहणाऱ्याचं काही बिघडत नाही. चिठ्ठी साठ-सत्तर शब्दांत संपवा, अक्षर मोठं ठेवा, आणि वस्तू काय आहे यापेक्षा कुणाची होती ते आधी सांगा. वाड्याचा वापर करून घ्या: जातं माजघरात, दौत-बोरू-दप्तर ओसरीवरच्या बैठकीपाशी, बळदाचं झाकण उघडं ठेवून आत दिवा. मुलं त्या बळदात डोकावायलाच पुन्हा येतात.

रोज उघडं ठेवणं झेपत नसेल तर आठवड्यातून दोन दिवस ठरवा, पण ते कधी चुकवू नका. बाजाराचा दिवस त्यातला एक असू द्या, म्हणजे आसपासच्या खेड्यांतली माणसं पिशवी हातात घेऊन आत येतात. त्यांच्यातलंच कुणी तरी काचेपुढे थांबून म्हणतं, “हे आमच्या घरी आहे अजून.” नोंदवही आणि पेन दाराजवळच्या मेजावर हवं ते याचसाठी.

दर वर्षी दिवाळीनंतरचे दोन दिवस पडताळणीला राखून ठेवा. वाडा बंद करा. एकाने नोंदवहीतून क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने वस्तू शोधून उचलायची, क्रमांक दाखवायचा, कसर-वाळवी-गंज पाहायचा, तिसऱ्याने खूण करायची. सापडली नाही ती वस्तू त्याच दिवशी लाल शाईने लिहा आणि पुढच्या सभेत मांडा. सगळं जुळलं तर शेवटच्या ओळीखाली तिघांच्या सह्या आणि तारीख.